‘प्रोटीनचा डबा द्या’ एवढ्याने भागत नाही

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

औषधाच्या दुकानात किंवा जिमशेजारच्या सप्लिमेंटच्या दुकानात जाऊन नुसते ‘अमक्या कंपनीचा प्रोटीनचा डबा द्या’ म्हणणारी गिऱ्हाइके रोज दिसतात. कंपनीचे नाव पाठ असते, पण त्याच नावाचे पाच-सहा प्रकार फळीवर शेजारी शेजारी उभे असतात याकडे लक्ष जात नाही. डब्याचा आकार तोच, रंगसंगती जवळपास तीच, नावातले पहिले दोन शब्दही तेच. फरक असतो शेवटच्या एका शब्दात, कधी नुसत्या दोन अक्षरांत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या एकाच प्रकारच्या पावडरीत जेवढा फरक असतो, त्याच्या कितीतरी पट फरक एकाच कंपनीच्या दोन प्रकारांत असू शकतो. हे डबे कसे ओळखायचे आणि गफलत कुठे होते, ते सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तर जागेनुसार काटछाट करावी, पण किडनीच्या रुग्णांविषयीचा मजकूर कृपया गाळू नये.

तिथूनच सुरुवात करते, कारण इथली चूक सर्वांत महागात पडते. ॲबट कंपनीच्या ‘नेप्रो’ या पावडरीचे दोन डबे मिळतात, नेप्रो एचपी आणि नेप्रो एलपी. एचपी म्हणजे जास्त प्रथिनांचा आणि एलपी म्हणजे कमी प्रथिनांचा. पहिला डायलिसिसवर असलेल्या रुग्णासाठी. दुसरा, किडनी अधू झाली आहे पण डायलिसिस अजून सुरू झालेले नाही, अशा रुग्णासाठी. दोघांनाही ‘किडनीचा पेशंट’च म्हणतात, पण प्रथिनांच्या बाबतीत त्यांच्या गरजा एकमेकांच्या उलट आहेत.

अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, डायलिसिसपूर्व टप्प्यातल्या आणि मधुमेह नसलेल्या रुग्णाला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दर किलो वजनामागे दिवसाला ०.५५ ते ०.६० ग्रॅम प्रथिने द्यावीत. मधुमेह असेल तर ०.६ ते ०.८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झाले की हाच आकडा १.० ते १.२ ग्रॅमवर जातो. ६० किलो वजनाच्या माणसाचा हिशोब केला, तर मधुमेह नसताना डायलिसिसपूर्वी दिवसभरात ३३ ते ३६ ग्रॅम आणि डायलिसिसनंतर ६० ते ७२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दुप्पट. यात वरण, पोळी, दूध, भात सगळे आले. डब्यातली पावडर त्यातलाच एक भाग. डायलिसिसपूर्वीच्या रुग्णाला रोज एचपी सुरू राहिला, तर रक्तातला युरिया चढतो, मळमळ वाढते, तोंडाची चव जाते आणि आधीच दमलेल्या किडनीवर भार पडतो. उलट, डायलिसिसमध्ये दर खेपेला काही ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक, रक्तातून निघून जातात. अशा रुग्णाला एलपी दिला, तर पोट भरते, कॅलरी मिळतात, पण स्नायू झिजत जातात आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन उतरते. दोन्ही परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे दोष डब्याचा आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ही चूक सहसा तीन ठिकाणी होते. चिठ्ठीवर नुसते ‘नेप्रो’ लिहिलेले असते आणि दुकानात जो शिल्लक आहे तो डबा मिळतो. किंवा मागवलेला प्रकार संपलेला असतो आणि ‘हा पण त्यांचाच आहे, चालेल’ असे सांगून दुसरा हातात दिला जातो. तिसरी चूक घरातच होते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त तीच होते. रुग्णाचे डायलिसिस सुरू झाले तरी घरचे लोक जुना रिकामा डबा दाखवून तसाच नवा आणत राहतात. उपचार बदलला की डबाही बदलायचा असतो, हे डायलिसिसच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवे. प्रत्यारोपण झाले तर हिशोब पुन्हा बदलतो. तेव्हा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कुठलाच डबा चालू ठेवू नये.

आणि कंपनीचे नाव ओळखीचे आहे म्हणून त्याच कंपनीची सर्वसाधारण पोषण-पावडर किडनीच्या रुग्णाला देऊ नये. किडनीसाठीच्या प्रकारात पोटॅशियम आणि फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेले असतात. सर्वसाधारण प्रकारात तीच खनिजे ‘पोषण’ म्हणून वरून घातलेली असतात.

या खास डब्यांवर ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावेत अशी सूचना छापणे आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत बंधनकारक आहे. जिममधल्या व्हेच्या, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीच्या, डब्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असे शब्द असतात. डबा कुठल्या गटातला आहे हे कळायची ही पहिली खूण. आजारी माणसासाठी नेमून दिलेला डबा आणताना त्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ दिसले, तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन करावा.

आता जिमकडे वळू. इथली गफलत आजाराच्या तोडीची नसते, पण पैसे आणि महिने दोन्ही वाया जातात. उदाहरणासाठी ऑप्टिमम न्यूट्रिशन ही कंपनी घेते, कारण तिचे डबे मुंबईपासून लातूरपर्यंत सगळीकडे दिसतात आणि तिच्या लेबलांवर आकडे स्पष्ट असतात. ‘गोल्ड स्टँडर्ड १०० टक्के व्हे’ या प्रकाराच्या एका मापात, म्हणजे साधारण ३०.४ ग्रॅम पावडरीत, २४ ग्रॅम प्रथिने असतात. त्याच कंपनीच्या ‘सीरियस मास’वर एका मापाला ५० ग्रॅम प्रथिने असा आकडा दिसतो. पोरगा दुकानात उभा राहून २४ आणि ५० हे दोनच आकडे पाहतो आणि ५० चा डबा उचलतो. पण सीरियस मासचे ‘एक माप’ म्हणजे तब्बल ३३४ ग्रॅम पावडर! त्यात साधारण १२५० कॅलरी आणि २५० ग्रॅमच्या वर कर्बोदके असतात. चवीनुसार आकडे थोडे मागेपुढे होतात, पण चित्र बदलत नाही.

इथे एक भागाकार करायचा. मापातली प्रथिने भागिले मापाचे वजन, गुणिले शंभर. पहिल्या डब्यात २४ भागिले ३०.४, म्हणजे ७९ टक्के. दुसऱ्यात ५० भागिले ३३४, म्हणजे १५ टक्के. सीरियस मासमधून २४ ग्रॅम प्रथिने मिळवायची, तर सुमारे १६० ग्रॅम पावडर खावी लागेल आणि तिच्यासोबत १२० ग्रॅम कर्बोदके व ६०० कॅलरी पोटात जातील. व्हेमधून तेवढीच प्रथिने १२० च्या आसपास कॅलरीत मिळतात.

मास गेनर, म्हणजे सीरियस माससारखी वजन वाढवणारी पावडर, वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. किती खाल्ले तरी वजन न वाढणाऱ्या, कुस्तीच्या किंवा धावण्याच्या सरावात दिवसाला हजारो कॅलरी जाळणाऱ्या तरुणाला तो उपयोगी पडतो, तोही पूर्ण माप न घेता निम्मे-पाव करून. पण पोट कमी करायला जिममध्ये गेलेल्या चाळिशीच्या माणसाने तो घेतला, तर पोट वाढणारच. गेनरमधली कर्बोदके मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिनची असतात. स्टार्च तोडून केलेली ही पावडर गोडीला कमी असते, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. ती लेबलवर ‘शुगर्स’ या ओळीत धरली जात नाही, ‘कार्बोहायड्रेट’च्या एकूण आकड्यात जाते. म्हणून ‘नो ॲडेड शुगर’ वाचून मधुमेही माणसाने निर्धास्त होऊ नये. कर्बोदकांचा एकूण आकडा पाहावा.

स्वस्त-महाग ठरवतानाही हाच भागाकार लागतो. समजा, एक किलो व्हे ३००० रुपयांना आहे आणि एक किलो गेनर १००० रुपयांना. व्हेच्या किलोभर डब्यात ७९० ग्रॅम प्रथिने, म्हणजे ग्रॅमला ३ रुपये ८० पैसे. गेनरच्या किलोत १५० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला ६ रुपये ६७ पैसे. वरून स्वस्त दिसणारा डबा प्रथिनांच्या हिशोबात जवळजवळ पावणेदोन पट महाग पडला. उरलेले पैसे जातात माल्टोडेक्स्ट्रिनला. तेवढी कर्बोदके दोन भाकऱ्या, केळी आणि गुळातून कितीतरी कमी पैशांत मिळतात.

नावातल्या ‘१०० टक्के व्हे’ या शब्दांनीही लोक चकतात. डब्यातली सगळी प्रथिने व्हेची आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पावडर शंभर टक्के प्रथिनांची आहे असा नव्हे. उरलेल्या २१ टक्क्यांत ओलावा, थोडी चरबी, थोडी दुग्धशर्करा, कोको, चव आणि गोडी आणणारे पदार्थ, पावडर पाण्यात नीट मिसळावी म्हणून घातलेले लेसिथिन असे सगळे आले.

याहून फसवी जोडी म्हणजे त्याच कंपनीची ‘गोल्ड स्टँडर्ड १०० टक्के व्हे’ आणि ‘गोल्ड स्टँडर्ड १०० टक्के केसीन’. नाव शेवटच्या शब्दापर्यंत तेच, पुढच्या बाजूला आकडाही तोच, २४ ग्रॅम. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. चीज करताना दूध विरजले की घट्ट होतो तो केसीनचा भाग, आणि वर सुटणारे पाणी गाळून, आटवून, वाळवून होते ती व्हे पावडर. व्हे लवकर पचते, तासा-दोन तासांत तिची अमिनो आम्ले रक्तात आलेली असतात. केसीन पोटातल्या आम्लात घट्ट होते आणि कित्येक तास हळूहळू पचत राहते. म्हणून व्हे बहुधा व्यायामानंतर आणि केसीन झोपण्यापूर्वी घेतात. दिवसभराची एकूण प्रथिने पुरेशी असतील, तर वेळेचा हा फरक सामान्य माणसाच्या बाबतीत किरकोळच. पण चुकून दुसराच डबा घरी आला, तर तो शेकरमध्ये, म्हणजे पावडर हलवून मिसळायच्या झाकणाच्या बाटलीत, लगेच ओळखू येतो.

२०० ते २५० मिलिलिटर गार पाणी शेकरमध्ये आधी घालावे, मग पावडर, आणि वीस सेकंद हलवावे. व्हे पातळ ताकासारखी राहते, वर फेस येतो आणि पाच-सात मिनिटांत बसतो. केसीन दाट होते, दहा मिनिटे ठेवले तर खिरीसारखे घट्ट होत जाते आणि शेकरच्या कडांना धरून बसते. पावडर खराब झाली, भेसळीची आहे, अशी समजूत करून घेऊन लोक असा चांगला डबा परत करायला जातात. केसीनला पाणी जास्त लागते, ३०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक. उलट गरम दुधात किंवा चहात व्हे टाकली की बारीक गुठळ्या होतात, कारण ७० अंशांच्या वर तिची प्रथिने उलगडून एकमेकांना चिकटतात. पोषण त्याने जात नाही, पण प्यायला नको वाटते. आधी थोड्या गार दुधात पेस्ट करून मग कोमट दुधात मिसळावी.

आता व्हेमधलेच पोटप्रकार. कॉन्सन्ट्रेट, आयसोलेट आणि हायड्रोलायझेट या तीन शब्दांनी सर्वांत जास्त पैसा इकडचा तिकडे होतो. गाळणीतून एवढ्याच टप्प्यापर्यंत शुद्ध केलेली, कोरड्या वजनावर साधारण ८० टक्के प्रथिने असलेली व्हे म्हणजे कॉन्सन्ट्रेट. आणखी बारीक गाळून चरबी आणि दुग्धशर्करा जवळपास काढून टाकली, प्रथिने ९० टक्के किंवा त्याहून वर गेली, की आयसोलेट. विकरांनी (एन्झाइमनी) प्रथिनांच्या साखळ्या आधीच तोडून ठेवल्या, की हायड्रोलायझेट. ते चवीला कडवट असते, त्यामुळे त्यात गोडवा आणि वास जास्त घालावा लागतो. हे आकडे कच्च्या मालाचे आहेत. त्यात कोको आणि चव मिसळून डब्यात भरल्यावर टक्केवारी उतरते. आयसोलेटचा चॉकलेट चवीचा डबा आणि कॉन्सन्ट्रेटचा बिनचवीचा डबा प्रथिनांच्या टक्क्यांत अगदी जवळ येऊ शकतात.

मग आयसोलेटला जास्त पैसे कशाचे? मुख्यतः दुग्धशर्करा काढल्याचे. म्हणून ती आपल्याला खरोखर बाधते का, हे आधी पाहावे. ८० टक्क्यांच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये ४ ते ८ टक्के दुग्धशर्करा असते. ३० ग्रॅमच्या मापात ती सव्वा ते अडीच ग्रॅम भरते. २०० मिलिलिटर दुधात मात्र साडेनऊ ग्रॅमच्या आसपास असते. ज्याला सकाळी पेलाभर दूध पिऊन काही होत नाही, त्याने पोट बिघडेल या भीतीने आयसोलेट घेण्यात अर्थ नाही. ज्याचे पोट दुधाच्या चहानेही गुबारते, त्याला आयसोलेट बहुधा मानवेल. आणि ज्याला दुधाच्या प्रथिनांचीच ॲलर्जी आहे, अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, त्याला कॉन्सन्ट्रेट, आयसोलेट, हायड्रोलायझेट, केसीन यांतले काहीच चालत नाही. त्याने सोया, वाटाणा किंवा तांदळाच्या प्रथिनांकडे वळावे. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

‘ब्लेंड’ हा शब्द इथे नीट वाचावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते. पण ‘प्रोटीन ब्लेंड’ लिहून पुढे कंसात ‘आयसोलेट, कॉन्सन्ट्रेट, हायड्रोलायझेट’ असे दिले असेल, तर आयसोलेट बाकीच्या दोघांपैकी प्रत्येकापेक्षा जास्त आहे एवढेच कळते. ते ९० भाग आहे की ४० भाग, ते कळत नाही. वर सांगितलेली गोल्ड स्टँडर्ड व्हे हे असेच मिश्रण आहे, आणि ते तिच्या लेबलवर उघड लिहिलेले आहे. त्याच कंपनीचा ‘आयसोलेट’ नावाचा डबा वेगळा मिळतो. पुढच्या बाजूला ठळक ‘आयसोलेट’ दिसले तरी मागे यादीत दुसऱ्या क्रमांकावर कॉन्सन्ट्रेट आहे का, हे पाहिल्याशिवाय आयसोलेटची किंमत मोजू नये.

काही कंपन्यांच्या स्वस्त प्रकारात एक वेगळीच मेख असते. प्रथिने मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत प्रत्यक्ष प्रथिने मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. त्यामुळे ग्लायसीन किंवा टॉरिनसारखे स्वस्त, सुटे अमिनो आम्ल मिसळले की चाचणीतला आकडा फुगतो. ग्लायसीनमध्ये सुमारे १८.७ टक्के नायट्रोजन असतो. या हिशोबाने शंभर ग्रॅम ग्लायसीन ‘सुमारे ११७ ग्रॅम प्रथिने’ म्हणून धरले जाते! चीनमध्ये २००८ मध्ये बाळांच्या दुधात मेलामाइन घातले गेले, त्यामागची युक्ती हीच होती. म्हणून घटकांच्या यादीत ग्लायसीन, टॉरिन, क्रिएटिन सुटे घातलेले आहेत का ते पाहावे, आणि ल्युसीन या अमिनो आम्लाचा आकडा शोधावा. व्हेच्या प्रथिनांत ल्युसीन १० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे २४ ग्रॅम प्रथिनांमागे अडीच ग्रॅमच्या जवळपास. लेबलवर दीड-पावणेदोन ग्रॅमच दिसले, तर प्रथिने सगळी व्हेची नाहीत असे समजावे. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने २०२४ मध्ये भारतीय बाजारातल्या ३६ प्रथिन-पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ७० टक्के पावडरींच्या लेबलवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. तेव्हा लेबल वाचणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. कंपनी बॅचनुसार प्रयोगशाळेचा अहवाल दाखवते का, हेही विचारावे.

डब्यातल्या चमच्याबद्दलही लिहायला हवे. एका प्रकाराचा स्कूप दुसऱ्याला वापरू नये. गेनरचा स्कूप व्हेच्या स्कूपच्या कितीतरी पट मोठा असतो. व्हे आणि केसीनचे स्कूप दिसायला सारखे असले तरी पावडरीची घनता वेगळी असल्याने भरलेले वजन वेगळे येते. प्रवासात डबा हलून पावडर दबते, तेव्हा तोच स्कूप चार-पाच ग्रॅम जास्त घेतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा, स्कूप भरून सुरीच्या पाठीने सपाट करावा आणि वाटीत ओतावा. तीनदा करून सरासरी काढली की आपला स्कूप किती ग्रॅमचा ते पक्के कळते. किडनीच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी तर स्कूपवर अवलंबून राहूच नये, रोज वजन करूनच द्यावे.

मधुमेहींसाठीच्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठीच्या, मुलांसाठीच्या डब्यांबद्दल थोडक्यात. मधुमेहाचा डबा म्हणजे बिनकर्बोदकांचा डबा नव्हे. त्यातली कर्बोदके सावकाश पचणारी निवडलेली असतात, पण असतातच. ती जेवणातून वजा करावी लागतात. जेवण पूर्ण करून वर तो प्यायला की साखर वाढते आणि मग डब्याला दोष दिला जातो. आईसाठीच्या डब्यात लोह, फोलिक ॲसिड, जीवनसत्त्वे घातलेली असतात. त्यासोबत डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतात, आणि सासूबाई किंवा आई प्रेमाने आणखी एक पोषण-पावडर दुधात घालून देतात. गरोदरपणात अ जीवनसत्त्व जास्त झाले तर बाळाला अपाय होऊ शकतो, म्हणून एका वेळी असा एकच डबा ठेवावा आणि तोही डॉक्टरांना दाखवून. मुलांचा डबा मोठ्यांनी घेतला तर नुकसान पैशांचे. मोठ्यांचा, त्यातही जिमचा डबा मुलाला देणे मात्र अजिबात नको.

या सगळ्याआधी एक हिशोब घरच्या ताटाचा करावा. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत २१-२२ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत २५ ग्रॅम. याच संस्थांच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असेच सांगितले आहे. हा सल्ला प्रत्येक पैलवानाला किंवा खेळाडूला जसाच्या तसा लागू करावा असे मला वाटत नाही, पण दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी अर्धा तास चालणाऱ्या माणसाला तो तंतोतंत लागू आहे.

दुकानात उभे राहून हे सगळे करायला दोन मिनिटेही लागत नाहीत. डबा उलटा करायचा. तक्त्यात ‘पर १०० ग्रॅम’चा रकाना असतो, त्यातला प्रथिनांचा आकडा पाहायचा. सत्तरच्या वर असेल तर खरी प्रथिन-पावडर, चाळीसच्या खाली असेल तर पोषण-पेय, वीसच्या खाली असेल तर गेनर किंवा तत्सम. मग यादीतला पहिला घटक वाचायचा. तो माल्टोडेक्स्ट्रिन किंवा साखर असेल, तर पुढच्या बाजूचे नाव काहीही असो, पैसे त्याचेच मोजतो आहोत. आयात डबा असेल, तर आयातदाराचे नाव-पत्ता आणि अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक असलेले लेबल आहे की नाही ते पाहायचे. ते नसेल तर डबा परत ठेवायचा.

पण सगळा भार ग्राहकाच्या डोळ्यांवर टाकून चालणार नाही. अक्षरे इतकी बारीक असतात की साठीच्या माणसाला चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. म्हणून आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, अशी विनंती आहे. पुढच्या बाजूला मापामागे किती प्रथिने हा आकडा जेवढ्या मोठ्या अक्षरांत छापतात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत शंभर ग्रॅममागचा आकडा छापणे कंपन्यांना बंधनकारक व्हावे. किडनीच्या रुग्णांसाठीच्या डब्यांवर महाराष्ट्रात ‘जास्त प्रथिने, डायलिसिसच्या रुग्णांसाठी’ आणि ‘कमी प्रथिने, डायलिसिसपूर्वी’ असे मराठीत, वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांवर यावे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर प्रकाराचे पूर्ण नाव आणि दिवसाला किती ग्रॅम ते लिहावे. औषध दुकानदारांनी बिलावर नुसते कंपनीचे नाव न टाकता पूर्ण प्रकार टाकावा, म्हणजे डबा बदलला गेल्यास ते दाखवता येईल. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना कायद्याची वाट पाहायची गरज नाही, उद्यापासून करता येतील.

ज्यांना चुकीचा किंवा संशयास्पद डबा मिळाला असेल, त्यांनी तो फेकून देऊ नये. बिल, डब्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे फोटो, बॅच क्रमांक, तयार केल्याची व संपण्याची तारीख एवढे जपून ठेवावे आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करावी. फोडलेल्या डब्यातल्या नमुन्यावर ‘तुम्हीच काहीतरी मिसळले असेल’ असे म्हणायला जागा राहते. म्हणून त्याच बॅचचा सीलबंद डबा दुकानात शिल्लक असेल, तर ते तक्रारीत आवर्जून लिहावे, म्हणजे अधिकाऱ्यांना तिथूनच नमुना घेता येईल.

आपली,
एक आहारतज्ज्ञ,
कोल्हापूर